दहातले दहा

१

सोमवारी आमची पेठ बंद असायची. जेवण झालं की मी माडीवर जायचो, पडदा ओढायचो, हात धुवून कोरडे करायचो आणि लोखंडी कपाटाचे सपाट खण एकेक करून उघडायचो. प्रत्येक चित्राखालचा लिंबाचा वाळलेला पाला काढून नवा ठेवायचा, वरचा बटर पेपर बदलायचा, चित्र पाठपोट बघायचं आणि परत निजवायचं. दोन अडीच तास त्यात जायचे. अंबाजोगाईत माझ्यासारखा छंद असलेला दुसरा माणूस नव्हता आणि मला ते बरंच वाटायचं.

पुण्यामुंबईच्या रस्त्यांवर भिंती रंगवणारे काही चित्रकार आपल्या चित्राच्या मोजक्या प्रती कागदावर छापतात. खाली पेन्सिलीनं आकडा असतो, १४/५०. पन्नासच छापल्या, त्यातली ही चौदावी. मग छापायची जाळी फाडून टाकतात. माझ्यासारख्या कापडवाल्याला हे पटकन समजतं. साडी कितीही आवडू दे, गिऱ्हाईक घेताना हळूच विचारतंच, "असली दुसरी कुणाला दिली नाही ना?"

जगदेवी, माझी बायको, एकदा म्हणाली होती, "अहो, रस्त्यावरचं चित्र आणून कपाटात कोंडायचं, मग ते बघायचं कुणी?"

"मी," मी म्हणालो होतो.

सगळ्यात खालच्या खणात केसर नावाच्या चित्राचे कागद होते. दहाच छापलेले, आणि दहाही माझ्याकडे. पूर्ण संच सहसा कुणाकडेच नसतो. चित्रात एक बाई उकिडवी बसून उसाची मोळी बांधते आहे. डोक्याला फडकं, दातात वाढ्याच्या हिरव्या पात्याचं टोक, नजर खाली गाठीवर. त्या सोमवारी, चैत्र लागला होता, तिसऱ्या कागदावरची बाई माझ्याकडे बघत होती.

मी भिंग आणलं. वीण बघायचं, वडलांच्या वेळचं. शाई फुटलेली नव्हती. कागदाला ओल नव्हती. बुबुळं स्वच्छ छापलेली होती, फक्त खालच्या पापणीजवळ असायची ती मधोमध होती. बाकीच्या नऊ कागदांवर नजर खालीच.

छापताना जाळी हलली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण तीन वर्षांत तो कागद मी शंभर वेळा तरी हातात घेतला होता.

२

ती कशी माझ्याकडे आली ते सांगायला हवं.

करंजखडी हे शिरूर कासारच्या बाजूचं माळावरचं गाव. दिवाळी झाली की अर्ध्याहून जास्त घरांना कुलपं लागतात, माणसं ऊसतोडीला जातात. सोळा सालच्या दुष्काळात तिथल्या सोसायटीनं जनावरांची छावणी चालवली. तिला ताडपत्री आमच्या दुकानातून गेली. सोसायटीचे चेअरमन बबनराव माझे जुने दोस्त. ताडपत्री लावलेली बघायला म्हणून गेलो आणि सोसायटीच्या गोदामाच्या भिंतीवर मला केसर दिसली.

चित्र काढलं होतं आश्रुबानं. पाट्या, निवडणुकीच्या निशाण्या रंगवणारा गडी. त्या साली पाय मोडला म्हणून तोडीला गेला नव्हता. गेरू, काजळी, चुना आणि कुठून तरी आणलेला निळा ऑइलपेंट, एवढ्यावर त्यानं ती बाई उभी केली होती. भिंतीला उठाव होता. नाक, गालफडं, कपाळ मातीनं भरून वर काढलेलं. जवळ गेलं की ती श्वास घेईल असं वाटायचं.

"कोण ही?" मी विचारलं.

"केसर. त्या समोरच्या भिवराबाईची लेक," आश्रुबा म्हणाला. "औंदा पौषात ट्रॉली उलटली, तिच्याखाली गेली. तिकडंच जाळली. फोटू बी न्हाई तिचा कुठं."

मी त्याला कागदावरच्या प्रतींबद्दल सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. पुण्याचा छापणारा मी आणीन, फोटो तो काढील, सही तू कर, म्हणालो. तो कबूल झाला. अट एकच घातली.

"एक कागद म्हातारीला द्या, आप्पा. माझ्यादेखत नसला तरी चालंल."

"देतो," मी म्हणालो.

दहा कागद छापून आले. त्यातला एक धुरानं काळ्या झालेल्या खोपटात खिळ्याला लटकणार, ही कल्पना मला सहन होईना. दहातले दहा. एक गेला की तो संच राहत नाही. मी दिला नाही. मग एके दिवशी आश्रुबाचा फोन आला, आवाजात लहान पोरासारखा आनंद. "आप्पा, पुण्याहून मानसं यायलीत. आपल्या भितीचा फोटू पुस्तकात छापनारेत म्हनं!"

म्हणजे केसर कुणालाही मिळणार होती.

मी बबनरावांना भेटलो. म्हणालो, "छावणी बघायला मोठे साहेब येतील म्हणतात. गोदामाची भिंत अशी रंगवलेली बरी दिसते का?"

बबनराव हसले. "तुमी म्हनलात म्हंजे झालं."

चुन्याचे दोन हात दिले तरी नाकाचा उठाव दिसत राहिला. मग गड्यांनी खुरपी घेतली. भर बाराचं ऊन होतं. मी समोरच्या लिंबाखाली चहा पीत उभा होतो. खर्र, खर्र, खर्र. समोरच्या उंबऱ्यावर एक म्हातारी बसली होती. आवाजाकडे तोंड करून ती म्हणाली, "काय खरडायलेत रं?"

कुणीच उत्तर दिलं नाही. मीही नाही.

३

पुढच्या सोमवारी दुपारी मी जेवत होतो. जगदेवी ताक वाढायला वाकली आणि थांबली.

"वर कोण आहे?"

मीही ऐकलं. माडीवर कुणीतरी सावकाश काहीतरी खरवडत होतं. थांबत होतं, परत खरवडत होतं. घाई नव्हती. हाताला सवय असलेल्या माणसाचं काम होतं ते.

"घूस असेल," मी म्हणालो.

"घूस दम खाऊन खरडते का?"

मी जिना चढलो. खोली जशीच्या तशी होती. कपाट बंद, किल्ली माझ्या कमरेला. शेवटचा खण ओढला तसा तो अडला आणि आतून चुन्याचा वास आला, नुकत्याच भिजवलेल्या, नाकात झोंबणाऱ्या चुन्याचा. बटर पेपरवर पांढरी भुकटी पडली होती. बोटानं उचलली तर खरखरीत लागली. आता चार कागदांवरची केसर वर बघत होती.

खरं तर मी तेव्हाच कागद उचलून करंजखडीला जायला हवं होतं. मनात आलंही. पण दुसरा विचार लगेच आला. कागद खराब होतायत. खोलीत दमट हवा येते आहे. मी भुकटी मऊ ब्रशनं झाडली, खणाच्या फटींना कापडी पट्ट्या चिकटवल्या आणि खाली येऊन ताक प्यालो.

संध्याकाळी देवाला दिवा लावताना मान वर केली. देवघराशेजारी माझ्या आईचा, शांतादेवीचा, फोटो आहे. इरकली साडी, नाकात नथ, कपाळाला विभूती. साडी होती. नथ हवेत लटकल्यासारखी दिसत होती. चेहऱ्याच्या जागी पांढरं होतं.

"जगदेवी, आईच्या फोटोला काय झालं?"

तिनं पदरानं काच पुसली. "काही नाही. अगरबत्तीचा धूर बसलाय थोडा. का हो?"

"चेहरा दिसतोय तुला?"

तिनं फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे. "दिसतोय की. तुम्हाला नाही दिसत?"

मी डोळे मिटले आणि आईला आठवायला लागलो. तिचे हात आठवले, भाकरी थापताना वाजणाऱ्या बांगड्या आठवल्या, आवाज आठवला. चेहरा आला नाही.

४

डोळ्यांच्या डॉक्टरनं तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायला लावली. मी घडाघडा वाचली. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. त्यानं आत उजेड टाकून बघितलं आणि म्हणाला, "तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत." तो हसला असावा. आत गेलो तेव्हा त्याला काळी मिशी होती. बाहेर पडताना नव्हती.

एका वेळी एकच चेहरा जायचा, असंही नाही. कधी आठवडाभर काही होत नसे. मग एखाद्या दुपारी गल्ल्यावर बसलेलो असताना समोरच्या तीन बायकांचे चेहरे, पाणी मुरावं तसे, आत मुरून जायचे. मागे उरायचा सारवलेला पांढरा भाग. त्यातून आवाज यायचा, "जरा तो जांभळा दाखवा." मी जांभळा दाखवायचो. कापड मापताना चूकही होत नसे. माणसाला कशाचीही सवय होते, असं मी त्या दिवसांत ठरवून टाकलं होतं.

एकदा कुणीतरी दुकानात येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. पांढरा सदरा, वर पांढरं.

"काय आप्पा, वळख न्हाई का?"

आवाज बबनरावांचा होता. मी ओरडलो. खुर्ची मागे पडली. बबनराव किती वेळ विचारत राहिले, "आवो, काय झालं? पानी आना बे कुनीतरी!" आणि मी त्यांच्या सदऱ्याच्या गुंड्यांकडे बघत राहिलो.

आरशात मी होतो. माझा चेहरा गेला नव्हता. त्याचं मला आधी बरं वाटलं, मग भीती वाटायला लागली. आणि जगदेवी होती. रोज सकाळी जाग आली की आधी तिच्याकडे वळायचो. उजव्या भुवईवरचा तीळ, पुढचा एक दात किंचित आडवा. चाळीस वर्षांत तिच्याकडे मी इतकं निरखून कधी बघितलं नव्हतं.

"काय बघताय?" ती लाजायची. साठीला आलेली बाई.

माडीवर आता सोमवारीच नव्हे, रोज दुपारी खरडणं चालायचं. खणात नऊ बायका वर बघत होत्या.

५

आश्रुबा आता गेवराईला हायवेलगत ट्रकमागची अक्षरं रंगवतो, एवढं कळलं होतं. दहाही कागद पत्र्याच्या नळीत घालून मी गेलो. ऊन असं होतं की डांबर चपलेला धरत होतं. लंगडा पाय आणि निळ्या रंगानं माखलेली बोटं, त्यावरूनच ओळखला. चेहरा तिथं नव्हता.

त्यानं मला बसा म्हटलं नाही. मी ट्रकच्या सावलीत वर बघणारा एक कागद उलगडला. तो वाकला.

"ह्ये मी काढलं न्हाई," तो म्हणाला.

"अरे, तुझी सही आहे."

"सही माझी हाय. केसर माझी न्हाई. मी तिला खाली बघताना काढलतं. ती कुनाकडं मान वर करून बघायचीच न्हाई, लई गरीब पोरगी." त्यानं हात पुसले आणि दोन पावलं मागं सरकला. "ही कुनाला तरी हुडकायली."

मी कागद गुंडाळायला लागलो. मग त्यानं विचारलं, "म्हातारीला कागद दिला का, आप्पा?"

ट्रक जात होते. मी नळीचं झाकण लावलं.

"तुमाला ठावं हाय का, मी माती भरून नाक-डोळे कावून उचललेते?" तो हळू बोलत होता. "म्हातारीला दिसत न्हाई. दोनी डोळे गेल्यात. लेक मेल्यावर ती रोज सकाळी भितीपाशी यायची आन हातानं तिचं तोंड चाचपायची. कपाळ, नाक, हनुवटी. मंग घरी जाऊन चहा टाकायची. तिच्यासाटी काढलतं मी ते. तुमाला कागद दिले ते तुमी मोठ्या मनानं मागितले म्हनून." त्यानं ब्रश डब्यात आपटला. "तुमी खरडलं तवापसून मी मानसाचं तोंड काढलं न्हाई."

"आता काय करू, आश्रुबा?"

"मला कावून इचारता? तिच्याकं जा."

६

करंजखडीत पोचलो तेव्हा दीड वाजला होता. पाण्याचा टँकर येऊन गेलेला, विहिरीभोवतीची ओल वाळत होती. गोदामाची भिंत कोरी होती. खुरप्याचे ओरखडे तेवढे दिसत होते. मी तिकडे बघायचं टाळलं आणि समोरच्या उंबऱ्याशी गेलो.

भिवराबाई आत चुलीपाशी बसली होती. मला तिचा चेहरा दिसला. प्रत्येक सुरकुती, पापण्यांमागचे दुधाळ डोळे, हनुवटीवरचं हिरवं गोंदण. किती दिवसांनी परक्या माणसाचा चेहरा बघत होतो. माझे डोळे भरून आले.

"कोन हाय?"

"मावशी, मी वैजिनाथ. अंबाजोगाईचा कापडवाला. तुमच्या केसरचं चित्र आणलंय. दहा आहेत. सगळे तुमचे."

तिनं हात पुढं केला. मी पहिला कागद दिला. तिनं तो मांडीवर घेतला आणि दोन्ही तळवे त्यावरून फिरवले. वरून खाली, परत वरून खाली. कोपऱ्यापर्यंत गेली. उलटा करून मागूनही चाचपला.

"कुठं हाय?"

"हेच की, मावशी. हे तिचं कपाळ, इथं नाक..." मी तिचं बोट धरून त्या जागेवर ठेवलं.

"ह्यो तर कागद हाय," ती म्हणाली. "गुळगुळीत. ह्याला नाक कुठं हाय?"

मी दुसरा दिला, तिसरा दिला. तिनं दहाही कागद तितक्याच सावकाश चाचपले. मग शेजारी ठेवले आणि म्हणाली, "उनाचं आलात. चहा घ्या."

तिनं वरचा कागद उचलला, चुरगाळला आणि चुलीत घातला. मी "अहो" म्हणालो, पण तोंडातून हवाच आली. तिनं काडी ओढली. "बेस पेटतोय," ती म्हणाली. पाण्याला उकळी येईपर्यंत तिला दहाही कागद लागले. एकेक करून घातले, शांतपणे, वाळल्या तुराट्या घालाव्यात तसे. केसर दहा वेळा माझ्यादेखत काळी झाली आणि मी उकिडवा बसून बघत राहिलो. लाज वाटते, पण सांगतो. त्या क्षणीही माझ्या मनात भीती कमी आणि संच गेल्याचं दुःख जास्त होतं.

चहा कपात ओतून तिनं माझ्यापुढं सरकवला.

"त्या दिशी तुमीच हुता ना लिंबाखाली? चहा भुरकत. कापडवाले आप्पा म्हनून गडी बोलत हुते. म्या इचारलं, काय खरडायलेत. कुनी बोललं न्हाई."

"मावशी, माझं चुकलं."

"चुकलं," ती म्हणाली. जणू मी वस्तूचा भाव सांगितला आणि तिनं तो ऐकून घेतला. "भिंत हुती तवर ती भितीत हुती. रोज सापडायची. आता ती इचारती मला, आये, मी कुठं ऱ्हाऊ? कुठं ठिऊ म्या तिला?"

तिचा हात हवेत चाचपडत आला आणि माझ्या तोंडावर पडला. राखेनं माखलेली खरबरीत बोटं कपाळावरून, भुवयांवरून, नाकावरून हनुवटीपर्यंत उतरली आणि परत वर येऊन डोळ्यांवर थांबली. मी हललो नाही.

"जागा हाय," भिवराबाई म्हणाली. ती मला सांगत नव्हती. मान वळवून ती आतल्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे बोलत होती. "लई जागा हाय हितं."

मी चहा संपवला. का संपवला, ते सांगता येणार नाही.

७

घरी आलो तेव्हा जगदेवी दारात होती. "अहो, कुठं गेला होतात? फोन तरी उचलायचा," ती म्हणाली. आवाज तिचा होता, हिरवं लुगडं तिचं होतं. पदराच्या वर सारवलेलं पांढरं होतं.

मी मान खाली घातली आणि आत गेलो.

त्यानंतर आठ दिवस मी तिच्याकडे बघितलं नाही. ताटाकडे बघून जेवलो, भिंतीकडे तोंड करून निजलो. माडीवर आता शांतता होती. खण रिकामा, कोरडा. एवढ्यानं सुटलो असतो तरी मी हात जोडले असते. बिनचेहऱ्याच्या जगात मी दिवस काढले असते.

आठव्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन बसली.

"माझं काय चुकलं ते सांगा. या वयात नवरा तोंड फिरवतो म्हणजे काय समजायचं मी?"

सांगायला गेलो. आई, बबनराव, डॉक्टर, सगळं सांगितलं. केसरचं सांगितलं, भिंतीचं सांगितलं. ती ऐकत राहिली. शेवटी तिनं फक्त एकच विचारलं.

"त्या बाईनं विचारलं, काय खरडताय, आणि तुम्ही चहा पीत होतात?"

"हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पिशवी भरली. लातूरला भावाकडे जाते, म्हणाली. मी अडवलं नाही. स्टँडवर पोचवायला गेलो. दहाची गाडी लागलेली होती. ती पिशवी घेऊन चढली आणि गर्दीत दिसेनाशी झाली. मी खाली उभा राहिलो.

कंडक्टरनं दोरी ओढली. गाडी हलली तशी मी हिंमत केली आणि मान वर केली. खिडक्यांत पांढरं नव्हतं. पहिल्या खिडकीत डोक्याला फडकं बांधलेली एक तरुण बाई बसली होती. दुसऱ्या खिडकीत तीच होती. तिसऱ्या, चौथ्या, दाराशी लोंबकळणाऱ्या माणसांच्या खांद्यांवर, ड्रायव्हरच्या आरशात, सगळीकडे तीच. गाडी माझ्यासमोरून वळली. दोन्ही बाजूंच्या साऱ्या केसर मला बघत गेल्या. त्यांतल्या कुणीतरी हात बाहेर काढून हलवला. हातात हिरव्या बांगड्या होत्या. मीही हात वर केला. पण बाकीच्या खिडक्यांतूनही तसेच हात बाहेर आले, एकामागून एक, आणि त्यांतला माझ्या बायकोचा कोणता, हे गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत मला ओळखता आलं नाही.